जांभळाची बी कां टिकत नाहीं

मृग नक्षत्राच्या सुमारास बाजारांत जांभळांच्या पाट्या येतात. मुलांच्या जिभा जांभळ्या होतात, आणि बिया परसांत किंवा रस्त्याच्या कडेला जाऊन पडतात. कांहीं घरांत त्या धुऊन उन्हांत वाळवितात. त्यांचें चूर्ण मधुमेहावर देण्याची जुनी परंपरा आहे. परंतु हीच वाळलेली बी पुढच्या वर्षीं कुंडींत लावली, तर तिला कोंब फुटत नाहीं. ज्वारी व तूर यांचें बियाणें शेतकरी राखेंत मिसळून वर्षभर सांभाळतो; जांभळाला ती युक्ति चालत नाहीं.

जांभूळ, जाम, पेरू, लवंग आणि निलगिरी हीं सर्व झाडें वनस्पतिशास्त्रांतील एकाच कुलांत, म्हणजे जंबुल कुलांत मोडतात. कुल एक असलें तरी बियांचे स्वभाव मात्र दोन आहेत. पेरू मूळचा उष्ण अमेरिकेंतला. त्याची बी दांतांखालीं खडा यावा तशी टणक. ती नीट वाळवून थंड जागीं ठेवली तर दीर्घकाळ जिवंत राहते. टणक कवचामुळें ती सावकाश रुजते, म्हणून पेरण्यापूर्वीं ती पाण्यांत भिजत घालतात. निलगिरीची बी तर अगदीं बारीक, पण तीहि कोरड्या थंड जागीं अनेक वर्षें टिकते. उलट जांभळाची बी साध्या हवेंत ठेवली, तर सुमारें दोन आठवड्यांत तिची रुजण्याची शक्ति नाहींशी होते.

या दोन स्वभावांमधला भेद ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानें १९७३ सालीं स्पष्टपणें मांडला. पहिल्या प्रकारची बी झाडावर पिकत असतांनाच वाळूं लागते. तिच्या पेशींत विशिष्ट शर्करा व संरक्षक प्रथिनें सांचतात, आंतील व्यवहार जवळजवळ थांबतात, आणि बी जणूं निद्रिस्त होते. अशा बींतील पाणी शेंकडा ५ पर्यंत उतरलें तरी तिला अपाय होत नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या बीला ही निद्राच ठाऊक नसते. फळांतून बाहेर पडल्यावरहि तिचें श्वसन चालूच राहतें, आणि रुजण्याची तयारी तेव्हांपासूनच सुरू होते. तिच्यांतील पाणी शेंकडा २०-३० च्या खालीं गेलें, कीं पेशींचीं नाजुक आवरणें फाटतात. मग कितीहि पाणी घातलें तरी उपयोग होत नाहीं.

जांभळाचा हा स्वभाव त्याच्या रानाला साजेसा आहे. फळ पिकतें तें पावसाच्या तोंडावर. पक्षी, वटवाघळें व उदमांजरें गर खाऊन बी दूर टाकतात, आणि तिला लगेच ओली माती मिळते. वाट पाहण्याची गरजच नसल्यामुळें ती कलाहि तिच्यापाशीं नाहीं. मात्र एक वेगळी सोय तिच्यांत असते : पुष्कळदां एकाच बींतून दोन-तीन किंवा अधिक कोंब निघतात. त्यांतील कांहीं परागाच्या संयोगाशिवाय, मातृवृक्षाच्याच पेशींपासून झालेले असतात; म्हणून तीं रोपें गुणांनीं आईसारखींच होतात.

लवंगेची स्थितीहि याहून निराळी नाहीं. मसाल्याच्या डब्यांतील लवंग ही बी नव्हे. ती वाळविलेली, न उमललेली कळी होय. कळी झाडावर राहूं दिली, तर तिचें फूल व पुढें फळ होतें; परंतु फळाबाहेर काढलेली बी थोड्याच दिवसांत निकामी होते. मोलुक्का बेटांतील या झाडावर डच व्यापाऱ्यांनीं दीर्घकाळ मक्ता चालविला. पिएर प्वाव्ह्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीनें १७७० सालीं लवंग मॉरिशसला पोंचली, ती जहाजावर सांभाळून आणलेल्या जिवंत रोपांच्या रूपानें.

आज या स्वभावाला मोठें महत्त्व आलें आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ सालीं उघडलेल्या बीजकोठारांत जगभरच्या पिकांच्या बिया वाळवून उणे १८ अंश सेल्सियसवर ठेवतात. तेथें जांभळाच्या बीला जागा नाहीं. वाळविल्यानेंच ती मरते. बींतील अंकुराचा भाग कोरून काढून तो द्रवरूप नायट्रोजनांत उणे १९६ अंशांवर ठेवण्याचे प्रयोग अशा बियांसाठीं होतात. पण तें काम फार नाजुक व खर्चाचें आहे. महाबळेश्वराच्या रानांत अंजनी व पिसा यांच्या जोडीनें जांभूळ उभें आहे, आणि सह्याद्रींत त्याच्या कितीतरी दुर्मिळ भावकींतल्या जाति आहेत. तें रान तुटलें, तर त्यांचें बियाणें कोठारांतून काढून पुन्हां पेरतां येईल, असें म्हणण्याची सोय नाहीं. त्यांचें कोठार म्हणजे उभें झाडच.

म्हणून ज्या घराच्या अंगणांत जागा आहे, तेथें जांभूळ लावावयाचें तर विलंब करूं नये. चांगल्या गोड फळाची बी गर धुऊन त्याच आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटर खोल, ओलसर भुसभुशीत मातींत पुरावी, आणि माती सुकूं देऊं नये. दोन ते पांच आठवड्यांत कोंब वर येतो. एका जागीं अनेक कोंब आले, तर सर्वांत जोमदार ठेवून बाकीचे हलक्या हातानें वेगळे करावे, आणि शेजाऱ्यांना द्यावे.