गाडी येते, पण वेळेत पोचवते का?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. बचत गटाची बैठक असो, बँक असो की दवाखाना, खर्च कमी झाला. पण अर्ध्या तिकिटाचा फायदा कधी? गाडी आपल्या कामाच्या वेळेला आली तरच.

‘तुमच्या गावाला एसटी येते का?’ असं कुणी विचारलं, की आपण ‘येते’ म्हणतो आणि विषय मिटतो. आता हिशोब करून बघा. समजा, गावातून पहिली गाडी साडेदहाला सुटते, पावणेबाराला तालुक्याला पोचते. स्टँडपासून ग्रामीण रुग्णालय पंधरा मिनिटांच्या चालीवर. केसपेपरची खिडकी बाराला बंद होत असेल, तर गरोदर लेकीची तपासणी हुकली. परतीची गाडी संध्याकाळी. दिवसाची मजुरी बुडाली आणि काम झालंच नाही. गाडी मात्र वेळेवर धावली!

हाच हिशोब सगळ्या वाड्यावस्त्यांसाठी एकदम मांडता येतो, तो संगणकावरच्या नकाशाने. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला नकाशा तर लोकांनीच भरलेला आहे. आपल्या वस्तीची पायवाट, फाट्यावरचा थांबा त्यात नसेल तर आपण घालू शकतो. गाड्यांचं वेळापत्रक संगणकाला कळेल असं लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला जीटीएफएस म्हणतात. ती २००५च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात सुरू झाली. कुठला थांबा कुठे, कुठली गाडी तिथे किती वाजता, एवढंच त्यात लिहायचं. मग ओपनट्रिपप्लॅनरसारखं सॉफ्टवेअर चाल, वाट बघणं आणि प्रवास यांची बेरीज करून सांगतं, की अमुक घरातून निघालेली बाई दवाखान्यात किती वाजता पोचेल.

यात दोन गोष्टींवर आपलं लक्ष हवं. पहिली अंतराची. थांब्याभोवती नुसतं दोन किलोमीटरचं गोल वर्तुळ काढलं, तर ओढ्यापलीकडची वस्तीही त्यात बसते. पण पावसाळ्यात ओढा भरला की त्या बायकांना लांबून वळसा पडतो. म्हणून अंतर वाटेनं मोजायचं. दुसरी चालण्याच्या वेगाची. संगणक ताशी चार-पाच किलोमीटर धरतो. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं असलं, नाहीतर गुडघे धरलेले असले, तर तो वेग कमी करायला सांगायचा. आणि परतीची गाडी धरल्याशिवाय हिशोब पुरा मानायचा नाही.

संगणक तालुक्याच्या कॉलेजातली एखादी मुलगी चालवील. पण त्यात भरायची माहिती आपल्याकडेच आहे. गटात एक वही ठेवा. महिनाभर रोज लिहा: गाडी कागदावर किती वाजता, खरी आली किती वाजता, आलीच नाही तो दिवस कोणता, थांब्यावर हात दाखवूनही थांबली का. थांब्याची जागा मोबाइलवर नोंदवा.

याचा उपयोग काय? नुसतं ‘गाडी वाढवा’ म्हटलं, की ‘गाड्या नाहीत’ हे उत्तर येतं. नकाशात मात्र वेळ बदलून बघता येते. साडेदहाची गाडी नऊला सोडली, तर किती वस्त्या दवाखान्यात वेळेत पोचतील? शाळेच्या मुलींची गैरसोय तर होणार नाही ना? दोन्ही दिसतं. गाडी तीच, फेरी तीच, फक्त वेळ वेगळी. असा नकाशा आणि वही घेऊन आधी ग्रामसभेत ठराव करा, मग सगळ्याजणी मिळून डेपो मॅनेजरांकडे जा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

येत्या बैठकीत वहीचं पहिलं पान लिहा. कुणाच्या वस्तीपासून थांबा किती लांब, इथूनच सुरुवात करा.