आपलं माणूस आत्ता कुठे आहे?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, ख्रिस्ती लोकांचा स्वर्ग नेमका कसा असतो? उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, आधी विचारावं लागेल, कोणत्या ख्रिस्ती लोकांचा?

एक गोष्ट आधी बाजूला ठेवू. आपल्या कानाला 'स्वर्ग' म्हणजे पुण्य संपलं की परत खाली. ख्रिस्ती स्वर्गात हे परत येणं नाही. वाद आहे तो वेगळाच, आणि बराचसा वेळेचा आहे. माणूस गेला की लगेच देवाजवळ पोचतो, की जगाच्या अंती, सगळ्यांचा न्याय झाल्यावर?

हा प्रश्न किती तापू शकतो बघा. १ नोव्हेंबर १३३१, सर्व संतांचा सण. तेव्हा पोप रोमला नाही, आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्यॉं शहरात राहायचे. पोप जॉन बाविसावे प्रवचनात म्हणाले, संतांनासुद्धा देवाचं पूर्ण दर्शन अजून झालेलं नाही, ते शेवटच्या न्यायानंतर होईल. आमच्या भाषेत, तिकीट पेंडिंग. झालं! पॅरिसचे धर्मपंडित खवळले, फ्रान्सचा राजाही त्यात पडला. साहजिक आहे. संतच वाट बघत बसले असतील, तर आपण त्यांच्याकडे काय मागायचं? डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतलं. पुढचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये फर्मान काढलं: शुद्ध झालेल्या आत्म्यांना देव आत्ताच दिसतो, अंतिम न्यायाची वाट बघावी लागत नाही. कॅथलिक आजही हेच मानतात.

बाकीचे तिथे थांबले नाहीत. ल्युथर मरणाला बऱ्याचदा झोप म्हणायचा. कॅल्विनने आत्मा झोपतो या कल्पनेविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. ॲडव्हेंटिस्ट लोक आजही झोपच मानतात, पुनरुत्थानापर्यंत कसलीही जाणीव नाही. यहोवाचे साक्षीदार म्हणतात, स्वर्गात फक्त १,४४,००० जण, बाकीचे चांगले लोक नंदनवन झालेल्या पृथ्वीवर. आणि एन. टी. राइट हे अँग्लिकन बिशप सांगतात, स्वर्ग हा शेवटचा स्टॉप नाहीच; शेवटी नवं शरीर आणि नवी झालेली हीच सृष्टी. मला हे सगळ्यात आवडतं, कारण यात झाडं-माती फुकट जात नाही.

पुस्तकात हे मतभेद मजेशीर वाटतात. घरात तसं नसतं. माझा एक मित्र वसईचा, कॅथलिक. त्याची बहीण लग्नानंतर ॲडव्हेंटिस्ट झाली. आई दोन वर्षं कॅन्सरने अंथरुणाला होती, रात्र रात्र झोप नसायची. आता दर २ नोव्हेंबरला तो आईसाठी मिस्सा सांगतो, कबरीवर मेणबत्त्या लावतो. बहीण येते, फुलं वाहते, पण आईसाठी प्रार्थना करत नाही. तो म्हणतो, "ताई, आई बघत असते गं आपल्याला." ती म्हणते, "बघत नाहीये रे. झोपलीये. झोपू दे तिला."

नातेवाइकांना ताईचं हे बोलणं कोरडं वाटतं. मला नाही वाटत. त्या दोन वर्षांत आईच्या उशाशी रात्री तीच बसायची.

आता तुम्ही विचाराल, आई देवाजवळच असेल तर मिस्सा कशासाठी? तिथे पर्गेटरी येते, आणि तो विषय दहा मिनिटांत उरकण्यासारखा नाही. पुढच्या भागात त्यावरच बोलू.