टॉन्सिलचा दाह : उपचार कोणता आणि केव्हा?



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर मुलाचा घसा दुखू लागला की दोष बर्फाच्या गोळ्याला दिला जातो. वस्तुतः टॉन्सिलचा दाह संसर्गाने होतो, आणि तोही बहुतांशी विषाणूंच्या. अशा वेळी विश्रांती, भरपूर पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि तापावर पॅरासिटामॉल एवढे पुरते. प्रतिजैविकांचा उपयोग नसतो.

मात्र सर्दी-खोकला नसताना तीव्र ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके व मानेत दुखऱ्या गाठी आढळल्यास, विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांत, स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूची शंका घ्यावी. हा संसर्ग अंगावर काढल्यास पुढे ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी दिलेला पेनिसिलिनचा १० दिवसांचा क्रम, तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी, पूर्ण करावा.

शस्त्रक्रिया प्रत्येकास लागत नाही. वर्षात ७ वेळा, सलग २ वर्षे दरवर्षी ५ वेळा किंवा सलग ३ वर्षे दरवर्षी ३ वेळा तीव्र आजार झाल्यास तिचा विचार होतो. झोपेत श्वास अडणे हेही एक कारण ठरते.

प्रौढांनी, त्यातही तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांनी, एकाच बाजूचा टॉन्सिल वाढल्यास तपासणी टाळू नये. तो कर्करोगही असू शकतो. तोंड उघडेनासे झाले, लाळ गिळवेना वा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, ही नम्र विनंती.