पूडल घेण्याआधी आई-बाप तपासा



पूडल हुशार, लाघवी.
पण त्याचे काही आजार आई-बापांकडून येतात.

काही छोट्या पूडलांच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो.
आधी रात्रीचं दिसेनासं होतं.
मग दिवसाचंही.
सदोष जनुक दोघांकडून आलं, तर पिल्लू आंधळं होतं.
आई-बाप मात्र ठणठणीत दिसू शकतात!
म्हणून जनुकीय चाचणी हवीच.

पूडलच्या संकरित पिल्लांबाबतही हीच काळजी हवी.
१९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कुत्र्यांची पैदास करणारे वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला.
एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता, आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती.
पुढे अनेकांनी पैशासाठी, तपासणीविना असे संकर केले.
त्याबद्दल कॉनरन यांनी जाहीर खंत व्यक्त केली.
ती रास्तच होती.

श्रोतेहो, आधी आई-बापांच्या डोळ्यांचे आणि खुब्याचे अहवाल मागा.
विकणारा टाळाटाळ करत असेल, तर तिथून पिल्लू घेऊ नका.