वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि आपली मूत्रपिंडे
(जयंती समारंभातील भाषण)



संयुत्त निकायात कोसलराज पसेनदीची कथा आहे. अतिभोजनाने धापा टाकीत आलेल्या राजाला तथागतांनी मात्रा राखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो एका तरुणाकडून रोज जेवताना म्हणवून घेतला आणि कालांतराने त्याचे शरीर हलके झाले. मात्र उपदेशाने राजाला जे साधले, ते प्रत्येकाला साधेलच असे नाही. स्थूलतेमागे आनुवंशिकता, संप्रेरके, औषधे अशी अनेक कारणे असतात, हे आज विज्ञान सांगते. म्हणून वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बांधवांना कुणी हिणवू नये आणि त्यांनीही ती लपवू नये.

शरीर वाढले तरी मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या वाढत नाही. प्रत्येक गाळणीवर अधिक भार पडतो, आतला दाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने झिरपू लागतात. मधुमेह व रक्तदाब जोडीला आले की हानी वेगाने होते. जठराचा मोठा भाग काढून टाकणारी ‘स्लीव्ह’ किंवा अन्नाचा मार्ग बदलणारी ‘बायपास’ शस्त्रक्रिया हा भार उतरविते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मूत्रपिंडे पूर्णतः निकामी होण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. वजनामुळे ज्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण अडले होते, अशा काही रुग्णांनाही या शस्त्रक्रियेने वाट मोकळी झाली आहे.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. पहिल्या काही आठवड्यांत पाणी कमी जाते, उलट्या होतात आणि मूत्रपिंडांना अचानक इजा पोहोचू शकते. बायपासनंतर मुतखड्याचा धोका वाढतो. न पचलेली चरबी आतड्यातील कॅल्शियम अडकवून ठेवते. एरवी त्या कॅल्शियमशी बांधले जाणारे ऑक्झॅलेट मोकळे राहून रक्तात व तेथून लघवीत उतरते. क्वचित ते मूत्रपिंडातच साचून ते निकामी करते. लहान आतड्याचा बराचसा भाग वगळणारी जुनी शस्त्रक्रिया ज्या कारणांनी सोडून द्यावी लागली, त्यांत हेही एक कारण होते.

तेव्हा काही पथ्ये पाळावीत. दिवसभर घोट घोट पाणी प्यावे. मे महिन्यात लग्नकार्यासाठी विदर्भात गेल्यावर तर विशेषच. पालक, अळू, बीट, शेंगदाणे बेताने खावेत आणि सोबत दही घ्यावे, म्हणजे ऑक्झॅलेट आतड्यातच बांधले जाते. अंगदुखीसाठी इबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नये. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी. स्नायू घटल्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन कमी दिसते. त्या एका आकड्यावर निर्धास्त न राहता लघवीतील प्रथिनांचीही तपासणी करावी.

आम्ही राहतो त्या ब्रिटनमध्ये या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारखा विकार असल्यास ३५, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ती २.५ ने कमी धरावी, असे येथील मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण आपल्याला तुलनेने कमी वजनावरच मधुमेह गाठतो. ही बाब आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे त्याच केंद्राची देखरेख आणि पुढे आयुष्यभर वार्षिक तपासणी, हेही त्याच सूचनांत आहे. स्वस्त पडते म्हणून परदेशी जाऊन शस्त्रक्रिया उरकून येणाऱ्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात मधुमेहाशी झुंजतच आपले ग्रंथ लिहिले. हक्क मागावा, तो माहितीच्या बळावर मागावा, ही त्यांची शिकवण दवाखान्याच्या दारातही तितकीच खरी आहे. शस्त्रक्रिया काही तासांत संपते, मूत्रपिंडांची राखण मात्र जन्मभराची असते. ती आपण एकमेकांच्या साहाय्याने करू या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!