धाडीनंतरचे गाव : व्यसनमुक्तीत पोलीस आणि गावकरी

हिंगोली जिल्ह्यातला व्यसनाचा प्रश्न मुख्यतः दारूचा आहे. परवानाधारक दुकानातली देशी, तिथून पोत्यात भरून खेड्यात पोचणारी चोरटी दारू आणि गूळ, मोह, नवसागर यांच्या रसायनावर चालणारी हातभट्टी, अशा तीन वाटांनी ती घरात शिरते. जोडीला गांजा आहे. मराठवाड्यात तूर, कपाशी, हळद अशा दाट पिकाच्या आडोशाने त्याची झाडे लावल्याची प्रकरणे उघडकीस येत असतात. गुटख्यावर राज्यात 2012पासून बंदी आहे, तरी पानटपरीवर तो मिळतो. चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचा धोकाही वाढतो आहे.

व्यसनाने होणारे मृत्यू इथे नोंदीत सहसा दिसत नाहीत. अमेरिकेत अंमली पदार्थाच्या अतिमात्रेने माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो आणि त्याची नोंद त्याच कारणाखाली होते. खेड्यातला व्यसनी वेगळ्या तऱ्हेने जातो. कोणाचे यकृत निकामी होते, कोणी दारूच्या भरात फवारणीचे औषध पितो, कोणी रात्री दुचाकीवरून पडतो. कागदावर कावीळ, विषबाधा, अपघात अशी कारणे लागतात आणि दारू नोंदीबाहेर राहते. दिल्लीच्या एम्सने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी 5.7 कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे, असे आढळले. त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा जास्त अस्वस्थ करतो : दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो.

पोलीस आणि गाव यांनी एकत्र काम करण्याची चौकट महाराष्ट्रात नवी नाही. 1967च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाला गावातल्या गुन्ह्यांची खबर ठाण्याला देण्याची जबाबदारी दिली. 15 ऑगस्ट 2007 रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि ग्रामसभेतून निवडलेली समिती पोलिसांच्या बरोबरीने बसू लागली. 2016च्या हिवाळी अधिवेशनात दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. त्यामागे अण्णा हजारे यांचा पाठपुरावा होता. अवैध दारूची माहिती दलाने द्यायची आणि त्यावर कारवाई करण्याची जबाबदारी पोलीस व राज्य उत्पादन शुल्क विभागाची, अशी ती रचना आहे.

यापेक्षा अधिक धारदार साधन स्त्रियांच्या हाती आहे. 2008च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर परवानाधारक दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ यांतली आडवी जिंकली की दुकान बंद. अट मात्र कठोर आहे. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई मतदानाला येऊ शकत नाही तिची अनुपस्थिती दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी कुटुंबे ज्या गावांत आणि तांड्यांत आहेत, तिथे मतदानाची तारीखच निकाल ठरवू शकते. मागणीचे निवेदन कधी द्यायचे, हा प्रश्न म्हणूनच बचत गटांनी सर्वांत आधी सोडवायला हवा.

अवैध विक्रीवर मतदानाचा उपयोग नाही. तिथे ठाण्यातच जावे लागते. महिलांचा मोर्चा येतो, निवेदन दिले जाते, धाड पडते, रसायन ओतून दिले जाते, मुद्देमालाचा पंचनामा होतो. आरोपी जामिनावर सुटतो आणि आठवड्यात भट्टी पुन्हा पेटते. या फेऱ्याला गावकरी कंटाळतात, पोलीसही कंटाळतात. कायद्यात पुढची पायरी आहे. वारंवार पकडल्या जाणाऱ्या विक्रेत्याकडून दारूबंदी अधिनियमाच्या कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते आणि अट्टल हातभट्टीवाल्याला 1981च्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्ध करता येते. त्यासाठी आधीच्या प्रत्येक गुन्ह्याची नीट नोंद आणि निर्भयपणे बोलणारे साक्षीदार लागतात. साक्षीदार मिळणे खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राहण्यावर अवलंबून असते. सकाळी दिलेल्या तक्रारीची बातमी दुपारी विक्रेत्याच्या अंगणात पोचत असेल, तर त्या गावातून दुसरी तक्रार येत नाही. हप्त्याचा संशय तर सगळी भागीदारीच पोखरून टाकतो. याचे उत्तर भाषणांत सापडणार नाही. बीट अंमलदाराने दर महिन्याला ग्रामरक्षक दलासमोर बसून कोणत्या तक्रारीचे काय झाले ते सांगावे, एवढी साधी शिस्त त्यासाठी पुरेशी आहे.

धाड यशस्वी झाली तरी मोठा धोका त्यानंतर उभा राहतो आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, भ्रम, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. मार्च 2020च्या टाळेबंदीत केरळमध्ये दारू बंद होताच आत्महत्यांच्या बातम्या आल्या. सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा निर्णय घेतला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. उपचार मात्र अवघड नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली शामक औषध आणि थायमिनची इंजेक्शने, हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही सुरू करता येते. म्हणून धाडीची वेळ गुप्तच ठेवावी, पण ती पडली की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे आणि गावात रोज पिणारे कोण, हे ठाऊक असलेल्या आशा ताईंनी पुढचे चार दिवस त्या घरांत फेरी मारावी.

दारू विषारी असेल तर हातात वेळ आणखी कमी असतो. अशा दारूतल्या मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टी व प्राण दोन्ही घेते. जून 2015मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. धूसर दिसणे, पोटात कळा, धाप ही लक्षणे बरेचदा अर्ध्या दिवसाने दिसतात, तोवर माणूस ‘उतरली नाही’ म्हणून घरी झोपलेला असतो. अशा वेळी पोलिसांच्या भीतीने एक तास जरी वाया गेला तरी डोळे जाऊ शकतात. पिणाऱ्यावर गुन्हा लागणार नाही, आधी 108ला फोन करा, हे आश्वासन ठाणेदाराने गावात येऊन स्वतः दिलेले असायला हवे.

गांजा आणि इतर अंमली पदार्थांच्या बाबतीत कायदा याहून पुढे गेला आहे. 1985च्या एनडीपीएस कायद्यातले कलम 64अ सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचाराला गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. कलम 39 न्यायालयाला दोषी ठरलेल्या व्यसनीस उपचारासाठी सोडण्याचा अधिकार देते. शेतात झाडे लावणाऱ्याला ही सवलत नाही. तरुण पोराच्या खिशात पुडी सापडली तर त्याच्या आईला कलम 64अ माहीत असावे आणि ते तिला ठाण्यातच समजावे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर शहराच्या पोलिसांनी 2015 साली जाहीर केले की, ठाण्यात येऊन मदत मागणाऱ्या व्यसनीला अटक होणार नाही, त्याला उपचाराकडे नेले जाईल. तिथे त्यासाठी पोलिसांना पुढाकार घ्यावा लागला. भारतात निदान अंमली पदार्थांपुरता आधार कायद्यातच आहे, वापरणाऱ्यांची वाण आहे.

उपचाराची बाजू महाराष्ट्रात भक्कम परंपरेवर उभी आहे. गर्द या अंमली पदार्थाच्या साथीवर लिहिणारे डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. गडचिरोलीचा अनुभव हिंगोलीला अधिक जवळचा आहे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सहभागाने झालेल्या लोकचळवळीतून 1993मध्ये दारूबंदी आली. बंदीने दुकाने गेली, चोरटी दारू उरली. म्हणून 2016मध्ये राज्य शासन, बंग दांपत्याची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हाती घेतला. गावागावात संघटना, पोलिसांशी रोजचा संपर्क आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार हे तिन्ही त्यात एकत्र आले. शेजारच्या चंद्रपुरात 2015ची बंदी 2021मध्ये उठली. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की बंदीच्या आदेशाएवढेच महत्त्व त्यानंतरच्या कामाला आहे, हे दिसते.

हिंगोलीत या कामासाठी लागणारे बरेच काही हाताशी आहे. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते आणि इथल्या गावांत माळ घालणे म्हणजे दारूला न शिवण्याचा जाहीर शब्द. माळकरी टिकतो त्याचे एक कारण शपथेनंतरचे रोजचे भजन आणि सोबत. उपचार घेऊन परतलेल्याला अशीच सोबत लागते, मग ती दिंडीत मिळो की अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीत. 2024पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला मनोविकृती विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि ग्रामीण रुग्णालये यांच्यात काही खाटा व्यसनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवणे हे पहिले काम आहे. खाटच नसेल तर पोलिसाने रुग्णाला न्यावे कुठे?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अंमली पदार्थविषयक जिल्हा समन्वय समितीत आज मुख्यतः गुन्हे, अटका आणि जप्त माल यांचा आढावा होतो. त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने हवेत : पोलिसांनी उपचाराकडे पाठवलेले किती, त्यांपैकी दाखल झालेले किती आणि वर्षानंतरही व्यसनापासून दूर असलेले किती.