कायद्याची राखण कोणी करायची?



मी विद्वान नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. बंदुकीच्या कायद्यावर हा काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण कायदा असूनही माणसाचा घात कसा होतो, हे कामगाराइतके कोणाला ठाऊक?

तरुणपणी मी एका कारखान्यात प्रेसवर होतो. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवा होता. तो नव्हता. वहीत मात्र ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा होता. एके दिवशी शेजारच्या सोबत्याची दोन बोटे गेली. बोटे यंत्राने तोडली हे खरे. पण तो शेरा लिहिणारा हात निर्दोष कसा?

हाच प्रश्न अमेरिकेत, टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज या लहानशा गावी उभा राहिला. ५ नोव्हेंबर २०१७ चा रविवार. चर्चमध्ये प्रार्थना चालू असता एका माणसाने गोळ्या झाडल्या. २६ बळी गेले. त्यांत आईच्या पोटातले एक मूलही मोजले आहे. हा माणूस पूर्वी हवाई दलात होता. बायकोला आणि तिच्या लहानग्या मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला वर्षाची कैद दिली होती. अशा माणसाला बंदूक विकू नये, असा तिथे कायदा आहे. दुकानदाराने आधी सरकारी नोंदींत विचारणा करावी, अशी व्यवस्थाही आहे. विचारणा झाली, नोंद सापडली नाही. कारण हवाई दलाने त्याच्या बोटांचे ठसे आणि शिक्षेचा निकाल एफ.बी.आय.कडे पाठविलाच नव्हता!

मृतांचे नातलग न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये न्यायाधीशांनी ६० टक्के जबाबदारी सरकारवर ठेवली. म्हणजे गोळ्या झाडणाराहूनही अधिक. त्याची हिंसक वृत्ती सरकारइतकी त्याच्या आईबापांनाही ठाऊक नव्हती, असे त्यांनी म्हटले. सरकारने अपील केले. अखेर २०२३ मध्ये १४ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. गेलेली माणसे मात्र कोणत्या हिशेबात मांडायची?

आपल्याकडेही १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नावरातींतला बेपर्वा गोळीबारही शिक्षेस पात्र ठरविला. कायदा ठीक आहे. पण अहवाल लिहिणारा दारोदार चौकशी करतो, की खुर्चीतूनच शेरा मारतो, यावर सारे अवलंबून.

मी कारकुनाचा वैरी नव्हे, तोही कामगारच. एका टेबलावर तिघांचे काम लादले, तर कागद राहणारच. म्हणून पुरेशी माणसे नेमा, ही माझी मागणी आहे. पण ‘कागद राहिला’ हे उत्तर वरिष्ठांकडून ऐकून घेऊ नका. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आपल्या हाती आहे. विचारा: जिल्ह्यात परवाने किती? नूतनीकरणाआधी चौकशी कितींची झाली?

आमच्या यंत्राला आडोसा बसला, तो बोटे गेल्यावर. त्याआधी वहीतला तो शेरा मी वाचला होता, आणि गप्प बसलो होतो. आपण गप्प बसू नका, एवढेच सांगायला मी आलो.